नागपूर सेंट्रल जेल: कच्च्या कैद्याला आत कोणत्या सोयी मिळतात, अर्ज कुठे करायचे?

सावनेर_रोड
वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असलेल्या एका २३ वर्षांच्या मुलासाठी माहिती हवी आहे. घरफोडीची पहिलीच केस, एमसीआरला (न्यायालयीन कोठडीला) चार महिने झाले. खटला अजून चालू आहे, म्हणजे तो कच्चा कैदी. घरी आई आणि बहीण, दोघी मजुरीला जातात. खासगी वकिलानं जामीन मिळवून दिला, पण फी थकल्यावर यायचं बंद केलं. आदेश होऊन २० दिवस झाले. २५,००० चा जामीनदार मागितला आहे आणि तो मिळत नाही. मुलाला मिरगीच्या गोळ्या चालू होत्या. दहावीत दोन विषय राहिलेत. मुलाखत, पैसे, औषध, वकील आणि शिक्षण यांची सोय नेमकी कशी होते? आईला एका फेरीची मजुरी बुडवावी लागते, म्हणून एकाच खेपेत काय काय उरकता येईल तेही सांगा.

अजनी_पूल
मुलाखतीची नोंदणी राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर ई-मुलाकात या भागातून होते. त्यात राज्य, कारागृह, बंद्याचं आणि वडिलांचं नाव, आणि भेटणाऱ्याचं ओळखपत्र भरायचं. मोबाइलवर ओटीपी येतो. समोरासमोर की व्हिडिओवर, हे तिथेच निवडायचं. रोजी बुडू नये म्हणून एकाआड एक व्हिडिओ भेट घेतलेली बरी.

घोटाळा बहुतेक नावात होतो. एफआयआरमध्ये 'राहूल' आणि आधारवर 'राहुल' असं असलं की पोर्टलवर बंदी सापडतच नाही. जेलच्या रजिस्टरमध्ये नाव वॉरंटवरून चढतं, तेव्हा वॉरंटवर आहे तसंच लिहा आणि यूटी नंबर (जेलनं कच्च्या कैद्याला दिलेला नंबर) कळला की तो कायमचा जपून ठेवा. दुसरी अडचण तारखेची. कोर्टात पेशी असेल त्या दिवशी मुलगा आत नसतो. मुलाखत घेण्याआधी ई-कोर्ट्सवर केस नंबर टाकून पुढची तारीख बघा.

पैशासाठी पोस्टाची मनीऑर्डर अधीक्षकांच्या पत्त्यावर, संदेशाच्या जागी बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि यूटी नंबर. रक्कम त्याच्या खासगी रोख खात्यात जमा होते आणि त्यातून कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेता येतात. रोकड हातात देता येत नाही. महिन्याला कॅन्टीनवर किती खर्च करता येतो ती मर्यादा बदलत असते, म्हणून खिडकीवर विचारून तेवढेच पाठवा.

कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे चालतात. साधे द्या, नाडी-पट्टा नको, खाकी नको. घरचा डबा मात्र कोर्टाच्या आदेशाशिवाय जात नाही.

गोळ्यांबद्दल लक्ष द्या, कारण मिरगीची गोळी मध्येच तुटली तर झटका येतो आणि तो जिवावर बेतू शकतो. बाहेरून नेलेलं औषध खिडकीवर थेट घेत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी, गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे सगळं असलेला कागद जोडून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या. जुनी चिठ्ठी हरवली असेल तर आधी जिथे उपचार झाले तिथल्या ओपीडीतून केसपेपरची नक्कल काढा. जेलच्या दवाखान्यात भागलं नाही तर मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवतात, पण त्याला पोलिस गार्ड लागतो आणि गार्ड नसला की फेरी पुढे ढकलली जाते. शिक्क्याची प्रत हातात असेल तर ही दिरंगाई कोर्टाला दाखवता येते.

वकीलपत्र_४४०००१
माझ्या मते पहिलं काम जामिनाचं. बाकीच्या सोयी तो आत आहे तोवरच्या आहेत.

वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती पात्र आहे. अर्ज दोन्हीकडून करा. मुलानं आतून जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रात आणि घरच्यांनी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. काम लोकअभिरक्षक कार्यालयाकडे (प्राधिकरणाच्या फुकट वकिलांच्या कार्यालयाकडे) जातं. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइन नंबरवरही सांगता येतं. नवीन वकीलपत्रावर मुलाची सही जेलमध्येच होते आणि जेल अधिकारी ती साक्षांकित करतात. जुन्या वकिलांची ना-हरकत आधी मागा, नाहीतर पहिल्याच तारखेला त्यावर वेळ जातो.

आता जामीनदार. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे की जामीन मंजूर होऊनही बंदी ७ दिवसांत सुटला नाही, तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बाँड भरला गेला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुमचे २० दिवस झालेत, म्हणजे पहिली पायरी होऊन जायला हवी होती. आईनं अधीक्षकांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्यावा: केस नंबर, आदेशाची तारीख, रक्कम आणि 'जामीनदार देण्याची ऐपत नाही'. त्याचीच प्रत प्राधिकरणात.

तिकडून 'गरीब बंद्यांना सहाय्य' ही केंद्राची योजना लागू होते. २०२३ च्या मूळ सूचनांत कच्च्या कैद्याला एका केसमध्ये ४०,००० रुपयांपर्यंत मदत आहे, म्हणजे तुमचे २५,००० त्यात बसतात. जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलिस, अधीक्षक आणि न्यायाधीश अशा समितीनं मंजुरी दिली की रक्कम कोर्टात भरली जाते, कुटुंबाच्या हातात येत नाही. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, एनडीपीएस (अमली पदार्थ) आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) या गुन्ह्यांना योजना लागू नाही. घरफोडीला अडचण नाही. मात्र आदेशात 'सॉल्व्हंट शुअरिटी' (ऐपतीचा पुरावा देणारा जामीनदार) असेल तर आधी ती बदलून रोख जामीन किंवा वैयक्तिक बंधपत्र करून घ्यावं लागेल. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४८४ म्हणतं की बंधपत्राची रक्कम अवाजवी नसावी. त्या आधारे अर्ज त्याच कोर्टात होतो. समितीची बैठक आणि हा अर्ज दोन्ही एकदमच चालवा, एकासाठी दुसरा थांबवू नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी: जामीनच मिळाला नसेल तर बीएनएसएसचंच कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं असतं, बाकीच्यांना निम्म्या काळानं. उदाहरणार्थ साध्या चोरीला ३ वर्षं कमाल, म्हणजे पहिल्या गुन्ह्यात १ वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त केसेस चालू असणाऱ्याला हा लाभ नाही. आरोपीनं स्वतः लांबवलेला काळही मोजत नाहीत.

गुरुजी_मानेवाडा
शिक्षणाबद्दल. दहावीत दोन विषय राहिलेत, म्हणजे हा मुलगा पुनर्परीक्षार्थी आहे. १७ नंबरचा फॉर्म याच्यासाठी नाही, तो शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी असतो. लोक हमखास चुकीचा फॉर्म भरतात आणि वर्ष जातं. याचा अर्ज मूळ शाळेतूनच जातो, म्हणून बहिणीनं शाळेत जाऊन जुना बैठक क्रमांक आणि गुणपत्रिका काढावी. परीक्षेच्या दिवशी तो आतच असेल तर नेण्या-आणण्याच्या बंदोबस्तासाठी कोर्टाची परवानगी लागते, तो अर्ज वेळापत्रक हाती येताच टाका. आत तुरुंगातले शिक्षक आहेत, वाचनालय आहे. पुढे पदवी करायची तर इग्नू बंद्यांकडून फी घेत नाही.

काम: कच्च्या कैद्याला सक्ती नाही. स्वतः मागितलं तर अर्ज करून मिळू शकतं. सुतारकाम, विणकाम आणि शिवणकाम मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी असतं. परीक्षा पास झाल्याबद्दलची शिक्षेतली माफी आणि संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) हेही शिक्षाबंद्यांचेच विषय आहेत. कोणी 'रजा काढून देतो' म्हणून या कुटुंबाकडून पैसे मागत असेल तर देऊ नका. कच्च्या कैद्याला रजा नसते, कोर्टाचा जामीन असतो.

सावनेर_रोड
फार उपयोग झाला. दोन शंका. आईच्या आधारवर माहेरचं नाव आहे, मुलाखतीला अडचण येईल का? आणि आदेशाची प्रत जुन्या वकिलांकडेच आहे.

वकीलपत्र_४४०००१
प्रतीसाठी त्यांच्या मागे लागू नका. ई-कोर्ट्सवर केस नंबर टाकून आदेश वाचता येतो. शिक्क्याची नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागात मिळते. 'सॉल्व्हंट' हा शब्द त्यात आहे का ते आधी बघा, पुढचा अर्ज त्यावर ठरेल.

अजनी_पूल
नावासाठी मुलाच्या आधारवर किंवा शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर तो कागद सोबत न्या. रेशन कार्डावर दोघांची नावं एकत्र असतील तर तेही उत्तम. तोवर बहिणीच्या नावानं नोंदणी करा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. त्याच फेरीत तीन अर्ज द्या: औषधाचा, जामीनदाराचा आणि वकिलासाठीचा. तिन्हींच्या दोन-दोन प्रती. मुलाखतीत मुलालाही सांगा की आतल्या विधी सहाय्य केंद्रात स्वतःच्या सहीचा अर्ज आजच टाक.