जुन्या छायाचित्रांतील खांब आणि पडदे कोणाचे?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रांत माणसामागे कोरीव खांब, जड पडदा आणि हाताशी पुस्तक हटकून दिसते. त्यावरून त्या व्यक्तीच्या सामाजिक स्थानाविषयी कितपत अनुमान काढावे?

प्रतिसाद १: फार जपून काढावे, कारण हे सामान बहुधा स्टुडिओचेच असे. पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझीत’चे, म्हणजे भेटकार्डाएवढ्या छोट्या छायाचित्राचे, पेटंट घेतले, एकाच काचेवर अनेक छबी उमटवण्याच्या या पद्धतीने छायाचित्र स्वस्त झाले आणि तैलचित्रातली उमरावी ऐट मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. खांबावरून श्रीमंती नव्हे, आकांक्षा कळते.

प्रतिसाद २: छायाचित्र कोणाच्या इच्छेने निघाले, हेही पाहावे. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८ ते १८७५) या आठ खंडांच्या सरकारी प्रकाशनात माणसे प्रामुख्याने जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. याउलट, अमेरिकेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या सोजर्नर ट्रूथ या स्त्रीने शाल पांघरून, हाती विणकाम घेऊन स्वतःची प्रतिष्ठित छबी घडवली, १८६४ मध्ये तिचे स्वामित्वहक्क स्वतःच्या नावे नोंदवले आणि ती छायाचित्रे विकून आपला खर्च भागवला. माझ्या मते खांब-पडद्यांपेक्षा हा हक्कच अधिक बोलका आहे.

प्रतिसाद ३: एक पुरवणी. भारतीय छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला होता आणि तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले होते. म्हणजे पडदा पाळणे हेच जिथे कुलीनतेचे लक्षण, तिथेही छबी हवीच होती.