पानाच्या कडेला 'पर्णधारा' म्हणायचं का? पानं, फुलं, फळं यांच्या मराठी शब्दांबद्दल तुमचं मत काय?

रानवाटसरू, सातारा

गेल्या रविवारी आमच्या भागातली पंधरा-सोळा पोरं घेऊन कासला गेलो होतो, सगळी आठवी-नववीची. सोबत पानाफुलांच्या माहितीचा एक कागद मराठीत छापून नेला होता, शब्द सगळे पुस्तकातलेच, पर्णवृंत, पर्णधारा, पर्णाग्र, फुलाच्या बुडाच्या हिरव्या आवरणाला निदलपुंज, पाकळ्यांना मिळून दलपुंज असे. एक पोरगी कवल्याच्या पिवळ्या फुलापाशी उकिडवी बसली होती, तिनं विचारलं, सर यात निदलपुंज कुठला? मी बोट लावून दाखवला तर म्हणते, हे होय, वांग्याच्या डोक्यावर हिरवी टोपी असते तसलं. मी गप्पच झालो. कारण वांग्याची ती हिरवी काटेरी टोपी म्हणजे खरोखरच निदलपुंज असतो, फूल गळून फळ धरलं तरी न गळता टिकून राहिलेला. कृष्णाकाठचं वांगं रोज चिरणाऱ्या घरातल्या पोरीला ते आधीपासून माहीत होतं, मी दिलेल्या शब्दानं तिला काडीचीही मदत केली नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. देठ असताना पर्णवृंत कशाला? कड असताना पर्णधारा कशाला? टोक असताना पर्णाग्र कशाला? आणि लोक ज्या इंग्रजी शब्दांना शास्त्रीय शास्त्रीय म्हणतात ते तरी काय आहेत? लिनियसनं १७५१ साली हे शब्द पुस्तकात नीट बांधून घातले पण ते आले लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ते साधे घरातले शब्द होते. पानाच्या कडेचे आणि आकाराचे शब्द बघा, सेरेट म्हणजे सेरा, म्हणजे करवत. कॉर्डेट म्हणजे हृदय. ओव्हेट म्हणजे अंडं. लॅन्सिओलेट म्हणजे भाला. त्यांनी त्यांची करवत घेतली, मग आपण आपली करवत घेऊन 'करवती कडेचं पान' म्हणायला काय हरकत आहे, दंतुर पर्णधारा म्हटल्यानं पान जास्त शास्त्रीय होतं का?

त्यात मराठीत एकच शब्द असता तरी एक वेळ चाललं असतं. शाळेच्या पुस्तकात निदलपुंज, आमच्याच जिल्ह्यात वाईला तयार झालेल्या विश्वकोशात संवर्त. पुस्तकात दलपुंज, विश्वकोशात पुष्पमुकुट. फुलाच्या ज्या भागाचं फळ होतं तो पुस्तकात अंडाशय, विश्वकोशात किंजपुट. पोरानं काय पाठ करायचं?

माझं मत स्पष्ट आहे, आधी रानातला शब्द शोधायचा, अजिबात सापडला नाही तरच नवा करायचा.

कृष्णाकाठची

सर, तळमळ पोचली, पण मी पटवून घेणार नाही. सांगलीत बरीच वर्षं बॉटनी शिकवतेय म्हणून जरा लांब लिहिते.

देठ म्हणालात. कुणाचा देठ? पानाचा, एका फुलाचा, का अख्ख्या फुलोऱ्याचा? वर्णन लिहिताना हे तीन वेगळे अवयव आहेत, दोन जाती कधी कधी फक्त फुलाला देठ आहे का नाही एवढ्यावरच वेगळ्या होतात. आता कणीस घ्या. ज्वारीचं कणीस, बाजरीचं कणीस, मक्याचं कणीस, शब्द एकच. पण ज्वारीचं कणीस उलगडून बघा, मधल्या दांड्याला फांद्या, त्या फांद्यांना पोटफांद्या, मग दाणे. म्हणजे ती परिमंजरी. मक्याच्या जाड दांड्यावर दाण्यांच्या ओळी थेट बसलेल्या. रचना पार वेगळी. आणि शास्त्रात कणिश म्हणतात ते तिसरंच, बिनदेठाची फुलं सरळ दांड्यावर. तुम्ही पोरांना कणीस शब्द दिलात तर ते ज्वारीलाही कणिशच म्हणणार आणि ते चूक आहे.

तुरा शब्दाचंही तेच. उसाला आला तो तुरा परिमंजरी, आणि कासच्या डबक्यात वायतुरा येतो, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, त्याचा दोन शिंगांसारखा तुरा म्हणजे कणिशांची जोडी. एकच शब्द, दोन अर्थ.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या म्हणीतलं आहे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. नाहीत सर. पळसाचं ते एकच पान आहे, त्याच्या तीन पर्णिका आहेत, म्हणजे एकाच पानाचे तीन सुटे भाग. ओळखायचं कसं तर बगलेत बघायचं, पान फांदीला जिथं जोडलेलं असतं तिथं बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटव्याची कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. शेकडो वर्षं अख्खा महाराष्ट्र हे चुकीचं म्हणतोय. पर्णिका हा शब्द त्यासाठी लागतो. लोकांचा शब्द गोड असतो, तो नेमका असेलच असं नाही.

कराडकर_१२वी_सायन्स

दोघांचाही मान ठेवून बोलतो, हा वादच कशाला पाहिजे? पुढं सगळं इंग्लिशमध्येच आहे. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, फुलातल्या पुंकेसरांचं पुमंग, स्त्रीकेसरांचं जायांग असं पाठ केलं आणि अकरावीत गेल्यावर पुमंगाचंच इंग्लिश नाव असलेलं पहिले चार महिने अँड्रोशियम म्हणजे काय हेच शोधत बसलो, तेव्हा मला कुणी थेट अँड्रोशियम, गायनोशियम, फुलोऱ्यातलं रेसीम, आठळीच्या फळाचं ड्रूप शिकवलं असतं तर एवढा त्रास झालाच नसता. शर्टाला शर्ट म्हणतो, टेबलला टेबल म्हणतो तसं कॅलिक्सला कॅलिक्स म्हणा. निदलपुंज पण नको आणि वांग्याची टोपी पण नको.

रानवाटसरू, सातारा

@कराडकर, भावा तुझे चार महिने गेले त्याचं वाईट वाटतं, आणि इंग्रजी शब्द शिकूच नये असं मी म्हणत नाहीये. पण नीटचा पेपर मराठीतही देता येतो हे विसरू नको. आणि इंग्रजी शब्दानं गोष्ट आपोआप कळते हा गैरसमज आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घे, नावात बेरी आहे पण बॉटनीत ती बेरी नाही. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक, आणि त्याच्यावर जे बारीक ठिपके आपण बी समजतो ते एकेक खरं फळ. रासबेरी बेरी नाही, मलबेरी म्हणजे आपली तुती तीही बेरी नाही. आणि बेरी कोण? द्राक्ष, टोमॅटो, वांगं, मिरची. मराठीत मृदुफळ म्हटलं की निदान आत-बाहेर मऊ, आठळी नाही एवढं तरी कानाला कळतं.

@कृष्णाकाठची, मॅडम पळसाचं मान्य. तिथं मी निरुत्तर आहे. पण एक सांगा, बेलाचं काय? बेल वाहताना माझी आजी तीन दळांचं एक पान मोजायची, एक दळ तुटलेलं असेल तर ते पान बाजूला ठेवायची. म्हणजे एका पानाला अनेक दळं असतात ही कल्पना लोकांकडं आहेच की, आणि त्याला शब्दही आहे, दळ. मग पर्णिका का, दळ का नको?

कृष्णाकाठची

कारण पुस्तकात दल म्हणजे पाकळी, सर. दलपुंज तुम्हीच वर लिहिलाय. बेलाचं दळ पानाचं आणि दलपुंजातलं दल फुलाचं, पोरगं पुन्हा गोंधळणार. मुद्दा चांगला आहे पण अडचण इथंच येते.

द्राक्षबाग तासगाव

मला यातलं बॉटनी काय कळत न्हाई पण द्राक्षाचं सांगतो, पटलं तर घ्या.

आमच्यात वेलीच्या पानासमोर जी वळणारी तार निघती तिला बाळी म्हणत्यात. पुस्तकात प्रताण का काय लिहिलंय. एप्रिलमधी खरड छाटणी केली की साधारण दीड-दोन महिन्यात काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, त्या टायमाला ढगाळ हवा राहिली, ऊन मिळालं न्हाई की डोळ्यात घड धरत न्हाई, मग ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा, म्हंजी डोळ्यातला नवा कोंब फुटला की कळतं नीट घड आलाय, आखडलेला गोळी घड आलाय का नुसती बाळी निघाली. त्याला आम्ही म्हणतो घड बाळीत गेला. आता एका कृषीच्या पोरानं मला सांगितलं की शास्त्रात पण हेच हाय, घड आणि बाळी मुळात एकाच जागेची एकच गोष्ट असती, खाऊनपिऊन झाली तर घड नाहीतर बाळी. म्हंजी हे आमच्या बोलण्यात आधीपासून हाय. प्रताण म्हटल्यावर त्यात घडाचा संबंध कुठं दिसतोय?

पण मॅडमचंबी एक खरं हाय. आम्ही पाकळी म्हणतो ती फुलाची न्हवं. घडाच्या बाजूच्या ज्या बारक्या फांद्या असत्यात त्यांना पाकळ्या म्हणतो, थिनिंगला, म्हंजी घड विरळताना बायकांना सांगतो की घडाला दहा पाकळ्या ठेवा, खालचं शेपूट काढा. एकदा पाहुण्यांचा कालिजातला मुलगा आलता त्याला बायकांसोबत बसवलं, पाकळ्या काढ म्हटलं तर तो फुलं शोधत बसला, म्हणला फुलोरा संपून मणी धरलेत की. अर्धा दिवस गेला त्यात. द्राक्षाच्या खऱ्या फुलाच्या पाकळ्या तर टोपीगत एकत्र चिकटून असत्यात आणि अख्खी टोपीच गळून पडती.

वाईकर वाचक

विश्वकोशावर आलंय म्हणून लिहितो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, आणि त्या खंडांमधल्या वनस्पतींच्या नोंदी मी लहानपणापासून वाचत आलोय. रानवाटसरू, तुम्ही फक्त संवर्त आणि किंजपुट उचललंत. त्याच नोंदींत बोंड आहे, शेंग आहे, आठळी फळ आहे, फुलोरा आहे. ही काय संस्कृतनं लादलेली भाषा आहे? बोंड कापसाचं, ते फुटणाऱ्या सुक्या फळासाठी सर्रास घेतलंय. आठळी आंब्या-बोराची, कोय म्हणा हवं तर.

आणि संस्कृत शब्द म्हणजे परका हे मला मान्य नाही. मंजिरी शब्द कुठल्या वारकऱ्याला समजावून सांगावा लागतो? तुळशीच्या मंजिऱ्या घरोघरी खुडतात. मला सगळ्यात आवडलेला शब्द उंबराच्या फुलोऱ्याचा आहे, कुंभासनी. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून आपण दुर्मीळ माणसाला उंबराचं फूल म्हणतो, पण औदुंबरला दत्ताच्या देवळापाशी पडलेलं उंबर फोडून बघा, आत शेकडो बारकी फुलं कुंभाच्या आतल्या भिंतीवर बसलेली असतात. कुंभात आसन मांडलेली. इतका चित्रासारखा शब्द कुणीतरी बसून विचार करून घडवलाय, त्याला जड म्हणून बाजूला टाकू नका.

पाटणची रानभाजी

मी फक्त भाजीपुरतं बोलते. पावसाळ्यात टाकळा खुडायला जातो आम्ही, आणि त्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, दिसायला भावंडं. सासूबाईंनी मला शिकवलं, टाकळ्याला दळांच्या तीन जोड्या आणि दळ पुढं रुंद, बोथट. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि दळ टोकाला निमुळतं. हे ज्याला कळलं त्याची भाजी चुकत नाही. मॅडम तुम्ही त्याला व्यस्त अंडाकृती म्हणत असाल, मी पुढं रुंद म्हणते. दोन्हीत बघायची जागा एकच आहे. पण नव्या सुनेला व्यस्त अंडाकृती सांगितलं तर ती काय खुडून आणेल याची मला काळजी वाटते.

कृष्णाकाठची

ताई, तुमच्या सासूबाईंनी दिलेलं वर्णन मी उद्या वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. दोन झाडांतला फरक दाखवायला नेमकं काय मोजायचं हे त्यात आहे, आणि आमच्याकडं पोरं व्यस्त अंडाकृती लिहितात पण जोड्या मोजत नाहीत.

तरीही माझं म्हणणं सोडत नाही. 'पुढं रुंद' हे पाटणमध्ये कळेल, पण भंडाऱ्याचा कुणी नुसतं वाचेल तेव्हा पुढं म्हणजे देठाकडं का टोकाकडं? परिभाषेचं काम हेच आहे, समोर पान नसतानाही पान उभं करणं. द्राक्षबागेवाल्या दादांची पाकळी तासगावात बरोबर आहे आणि बाहेर चूक आहे. पण बाळी मात्र मला घ्यावीशी वाटते. घड आणि बाळी एकाच अवयवाची दोन रूपं हे आम्ही अख्खा तास घेऊन शिकवतो.

रानवाटसरू, सातारा

कागद पुन्हा लिहायला घेतलाय. देठ ठेवतोय, पण पानाचा देठ, फुलाचा देठ, फुलोऱ्याचा देठ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहिणार. कड आणि टोक तसंच. करवती कड घेतली. निदलपुंज ठेवला, शेजारी वांग्याचं चित्र काढतोय. पर्णिका घेतली, मॅडम, आणि उदाहरण पळसाचंच देतोय म्हणीसकट. कणीस काढून टाकलं, नुसतं फुलोरा लिहितोय आणि पुढं चित्र. कुंभासनी पहिल्या पानावर घेतोय. टाकळ्याचं वर्णन ताईंच्या शब्दात, फक्त 'पुढं' ऐवजी 'टोकाकडं रुंद' केलंय. मोठा शब्द आला की कंसात नाही, ओळीतच साधा अर्थ सांगणार. @कराडकर, शेवटच्या पानावर इंग्रजी शब्दांची यादी जोडतोय, तुझ्यासारख्यांचे चार महिने वाचतील.

संवर्त का निदलपुंज यावर माझं अजून समाधान नाही, दोन्हीपैकी एक सगळीकडं चालायला हवा आणि ते माझ्या हातात नाही.

एक अडलंय. कवल्याच्या पानाच्या बुडाशी देठाच्या दोन्ही बाजूंना दोन बारकी पानासारखी असतात, उपपर्णं. त्याला रानात काय म्हणतात? चार जणांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही.

द्राक्षबाग तासगाव

आमच्याबी बागेत दिसतं ते, पोंगा उमलताना देठाच्या बुडाला दोन बारक्या खपल्यागत असतं आणि चार दिवसांत गळून जातं. पण त्याला नाव कुणी दिलेलं न्हाई, वडिलांना विचारलं आत्ता, त्यांनाबी माहीत न्हाई. उपपर्णच ठेवा.