हाइव्हसाठी हौस म्हणून एक्स्टेन्शन लिहायचंय, पोस्टिंग की मागावी का?

अनुस्वार

हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारं ब्लॉगिंगचं सोशल मीडिया. मी तिथे लिहिते कमी, वाचते जास्त. फीड चाळताना मला दोन गोष्टी तिथल्या तिथे दिसायला हव्या असतात: या पोस्टच्या पेआउटला (व्होटांवरून ठरलेली कमाई मिळायला) किती तास उरलेत आणि लेखकाची व्होटिंग पॉवर (व्होट दिलं की घटणारा, वेळ गेला की भरणारा साठा) सध्या किती आहे. शिवाय काही टॅग मला डोळ्यांसमोरही नकोत. म्हटलं, स्वतःच एक छोटं ब्राउझर एक्स्टेन्शन लिहावं. जावास्क्रिप्ट कामापुरती येते, एक्स्टेन्शन मात्र कधी लिहिलेलं नाही. विकायचं वगैरे काही नाही, निव्वळ हौस.

अडलंय ते इथे. फीडमधूनच व्होट देणारं बटणही टाकावं असं वाटतंय. त्यासाठी वापरणाऱ्याची पोस्टिंग की (पोस्ट, कॉमेंट आणि व्होटपुरती खात्याची गुप्त किल्ली) घेऊन एक्स्टेन्शनच्या स्टोरेजमध्ये ठेवली तर चालेल का? पोस्टिंग कीने पैसे तर हलवता येत नाहीत. दुसरं, पीकडी, इसेन्सी आणि हाइव्ह ब्लॉग या हाइव्ह वाचायच्या तिन्ही साइटसाठी वेगवेगळा कोड लिहावा लागतो का? आणि साइटचं रूप बदललं की दर वेळी सगळं मोडणार का?

खटपट्या

की मागू नका. पैसे हलत नाहीत हे खरं, त्याला ॲक्टिव्ह की लागते. पण पोस्टिंग की हातात असलेला माणूस तुमच्या नावाने पोस्ट टाकू शकतो, कॉमेंट करू शकतो, कुणालाही डाउनव्होट देत सुटू शकतो. आणि इथे लिहिलेलं पुसता येत नाही. पोस्ट एडिट केली तरी आधीचा मजकूर जुन्या ब्लॉकमध्ये राहतोच. चार ओळखीच्यांनी तुमचं एक्स्टेन्शन टाकलं, तर त्या चौघांच्या नावाची जबाबदारी तुमच्या डोक्यावर. हौसेच्या कामात ही जोखीम कशाला?

व्होटचं बटण हवंच असेल तर सही हाइव्ह कीचेनकडून करून घ्या. कीचेन हेही एक्स्टेन्शनच आहे. ते पेजच्या विंडोवर स्वतःचा ऑब्जेक्ट ठेवतं. त्यातल्या व्होटच्या फंक्शनला खातं, पर्मलिंक (पोस्टचं लिंकमधलं नाव), लेखक आणि व्होटचं वजन दिलं की ते वापरणाऱ्याला विचारतं, सही करतं आणि व्यवहार चेनवर पाठवतं. की तुमच्या कोडला दिसतसुद्धा नाही. वजन १०० टक्क्यांसाठी १०००० असं द्यायचं, १०० नाही.

यात एक खाच आहे आणि नवे लोक तिथे तासन्‌तास अडकतात. तुमची कन्टेन्ट स्क्रिप्ट (एक्स्टेन्शनचा पेजवर चालणारा कोड) पेजचा डॉम, म्हणजे पानाची रचना, बघू शकते, पण पेजचे जावास्क्रिप्ट व्हेरिएबल तिला दिसत नाहीत. ती वेगळ्या जगात चालते. म्हणून तिथून कीचेन शोधलं तर 'इन्स्टॉलच नाही' असं वाटतं. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) 'मेन' वर्ल्ड सांगून पेजच्याच जगात चालवायची (क्रोममध्ये १११ पासून ही सोय आहे) आणि दोघींमध्ये पोस्टमेसेजने निरोप द्यायचे. पेजवरची कुठलीही स्क्रिप्ट तसाच निरोप पाठवू शकते हे मात्र ध्यानात ठेवा, आलेला निरोप तपासूनच पुढे जा.

तरी माझं मत विचाराल तर पहिल्या आवृत्तीत बटण ठेवूच नका. नुसतं वाचणारं एक्स्टेन्शन आणि चेनवर लिहिणारं एक्स्टेन्शन यांच्यात फार मोठं अंतर आहे. वाचणाऱ्यात गडबड झाली तर एक आकडा चुकीचा दिसतो, बस. तुमच्या तीनही गरजा वाचण्याच्याच आहेत, आणि वाचायला हाइव्हवर ना लॉगिन लागतं ना एपीआय की. सार्वजनिक नोडला (चेनची माहिती देणाऱ्या सर्व्हरला) जेसन-आरपीसीची विनंती पाठवली की उत्तर येतं. हौशी माणसाला एवढं उघडं दार दुसऱ्या सोशल मीडियावर क्वचितच मिळतं. म्हणून तर हाइव्ह ज्यातून फुटलं त्या स्टीमच्या काळापासून, म्हणजे २०१६ नंतर, लोक असल्या खटपटी करत आलेत. २०२० च्या मार्चमध्ये हाइव्ह वेगळं झालं तरी एपीआयचा सांगाडा बराचसा तोच राहिला.

तीन साइटचं म्हणाल तर क्लासच्या नावांवर विसंबू नका. ती कधीही बदलतात. लिंकच्या आकारावर विसंबा. तिन्हीकडे पोस्टच्या लिंकमध्ये ॲट चिन्ह, लेखकाचं नाव, तिरपी रेघ आणि पर्मलिंक असा तुकडा येतो. पानावरच्या सगळ्या लिंकांमधून हा नमुना एका रेजेक्सने काढला की लेखकही मिळाला, पोस्टही मिळाली आणि कोड तिन्हीकडे एकच. पोस्टमधला फोटो, शीर्षक, कॉमेंटचा आकडा या सगळ्यांना तीच लिंक असते, तेव्हा एका पोस्टला तुमच्या आकड्यांचा एकच बिल्ला चिकटेल एवढं बघा.

ही सगळी एकपानी ॲप्स आहेत. स्क्रोल करत जाल तशा नव्या पोस्ट येतात, पान परत लोड होत नाही. त्यामुळे डॉममधले बदल कळवणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर लागतोच. पण तुम्ही बिल्ला चिकटवला की तोही डॉममधला बदलच, ऑब्झर्व्हर परत जागा होतो, परत बिल्ला... आणि टॅब गोठतो. हाताळलेल्या लिंकवर डेटा ॲट्रिब्यूटची खूण करा.

पेआउटच्या वेळेचंही आत्ताच सांगून ठेवतो. पोस्टचा पेआउट ७ दिवसांनी होतो आणि ती वेळ एपीआयमध्ये मिळते, पण यूटीसीमध्ये आणि शेवटी झेड न लावता. जावास्क्रिप्टची डेट तशी स्ट्रिंग स्थानिक वेळ समजते. वाचण्याआधी झेड जोडा, नाहीतर स्थानिक वेळ आणि यूटीसीत जेवढा फरक, तेवढ्याने उरलेले तास कायम चुकत राहतील.

जुनी_टॅब

वरच्या सगळ्याशी सहमत. मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शनच्या नियमांची सध्याची आवृत्ती, तिच्याबद्दल थोडी भर.

इंटरनेटवरचे जुने धडे व्ही२ चे आहेत, त्यात बॅकग्राउंड पेज सतत जिवंत असतं. आता क्रोममध्ये त्याच्या जागी सर्व्हिस वर्कर आहे आणि काही काम नसेल तर तो साधारण ३० सेकंदांत बंद होतो. त्यात व्हेरिएबलमध्ये ठेवलेली कॅश गायब होते. कॅश एक्स्टेन्शनच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेवा. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनसाठी सर्व्हिस वर्कर नाही, तिथे बॅकग्राउंड स्क्रिप्ट लिहावी लागते, म्हणून मॅनिफेस्टमध्ये थोडा फरक पडतो. दर मिनिटाला आकडे ताजे करायचे असतील तर तो टायमर कन्टेन्ट स्क्रिप्टमध्येच ठेवा, टॅब उघडा असेपर्यंत ती असते.

परवानग्या फक्त त्या तीन साइट आणि एका नोडपुरत्या मागा. 'सगळ्या साइट' मागितलंत तर स्टोअरची तपासणी लांबते आणि वापरणाराही बिचकतो, बिचकायलाच हवं. लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून लोड करू नका, व्ही३ मध्ये ते चालत नाही, पॅकेजमध्येच घाला. तुमच्या कामाला खरं तर लायब्ररीच नको, ब्राउझरचं फेच पुरे.

स्टोअरची घाई करू नका. क्रोममध्ये डेव्हलपर मोड लावून फोल्डर तसाच लोड करता येतो आणि तो टिकतो. नेहमीच्या फायरफॉक्समध्ये सही नसलेलं एक्स्टेन्शन फक्त तात्पुरतं लोड होतं, ब्राउझर बंद केला की जातं.

अनुस्वार

बटण काढून टाकलं. लिंकच्या नमुन्याची युक्ती तिन्ही साइटवर चालली, टॅग लपवणंही जमलं. पण व्होटिंग पॉवर जुळत नाहीये. माझ्याच खात्याला एपीआय ७२ टक्के सांगतं आणि पीकडीवर ९० दिसतात. काल रात्रीनंतर मी व्होट दिलेलं नाही. नोड शिळी माहिती देतोय का?

खटपट्या

नोड बरोबर आहे. चेन दर ३ सेकंदांच्या ब्लॉकला लाखो खात्यांची पॉवर वाढवत बसत नाही. शेवटच्या व्होटच्या वेळी जी उरली होती ती आणि ती वेळ, एवढंच साठवलेलं असतं. पुढचा हिशेब तुम्ही करायचा. शून्यापासून पूर्ण भरायला ५ दिवस, म्हणजे दिवसाला २० टक्के. ७२ च्या ९० व्हायला साडेएकवीस तासांहून किंचित जास्त लागतात, तुमच्या काल रात्रीशी जमतंय.

टक्क्यांचं जुनं फील्ड सोडा आणि मानाबार घ्या (माना म्हणजे हीच पॉवर, टक्क्यांऐवजी आकड्यात). त्यात सध्याचा माना आणि शेवटच्या बदलाची वेळ असते, ती सेकंदांत, त्यामुळे इथे झेडची भानगड नाही. कमाल माना काढायला स्वतःचे वेस्ट्स (खात्यात गुंतवलेल्या हाइव्हचं मोजमाप), त्यातून दुसऱ्याला डेलिगेट केलेले, म्हणजे वापरायला दिलेले, वजा, मिळालेले अधिक, पॉवर डाउन (गुंतवणूक हप्त्यांनी काढणं) चालू असेल तर त्या आठवड्याचा हप्ता वजा, आणि सगळ्याला १० लाखांनी गुणायचं. गेलेले सेकंद भागिले ४,३२,००० गुणिले कमाल, एवढी भर घाला आणि कमालीच्या वर जाऊ देऊ नका. मानाचे मोठे आकडे स्ट्रिंग म्हणून येतात. आधी संख्येत बदला, नाहीतर अधिक चिन्ह बेरीज न करता दोन्ही आकडे शेजारी शेजारी चिकटवेल.

आणि प्रत्येक लेखकासाठी वेगळी विनंती पाठवू नका. खात्यांची माहिती देणारी मेथड नावांची यादी घेते. पडद्यावरच्या सगळ्यांची नावं गोळा करा, एकदाच विचारा. नोड कुणीतरी स्वखर्चाने चालवत असतं.

अनुस्वार

जुळलं, ९० आले! यादीने विचारल्यावर फीडही अडखळत नाही. त्याच उत्तरात डाउनव्होटचा आणखी एक मानाबार दिसतोय, तोही दाखवू का?

खटपट्या

तो वेगळा साठा आहे, त्याची कमाल मुख्य मानाच्या २५ टक्के. भरायचा वेग तोच, ५ दिवस. मी तर दाखवणार नाही. वाचताना समोरच्याकडे किती डाउनव्होट शिल्लक आहेत हे बघून तुम्ही करणार काय?