वाळूजमध्ये फ्लो-लेव्हल सेन्सरचं विक्री-सर्व्हिसचं काम: मागणी कशाला आहे, शेल्फवर काय ठेवावं?

वाळूज_नवीन

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत फ्लोमीटर, लेव्हल ट्रान्समीटर, प्रेशर आणि पीएच-कंडक्टिव्हिटी यांच्या विक्री आणि सर्व्हिसचं छोटं युनिट दिवाळीपर्यंत सुरू करायचं ठरलंय. दोन टेक्निशियन, एक गाडी, भांडवल मर्यादित. पट्टा म्हणजे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा-बिडकीन, पैठण, जालना, आणि जमलं तर लातूर. विचारायचं ते असं: पुढच्या तीन-चार वर्षांत आपल्या भागात नेमकी कशाची मागणी वाढेल? शेल्फवर काय ठेवायचं आणि ऑर्डर आल्यावर काय मागवायचं? कॅलिब्रेशनसाठी स्वतःची फ्लो रिग (फ्लोमीटर तपासायची पाण्याची चाचणी-यंत्रणा) उभारावी का? आणि आयओटी, वायरलेस यात आत्ताच पैसे घालावेत का?

गोदाकाठ

मागणी कोण ओढतंय ते आधी बघा. आपल्याकडे ती पाण्यामुळे आणि परवान्यांमुळे वाढतेय. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एनओसी घेणाऱ्या प्रत्येकाला बोअरवर टेलिमेट्रीसह डिजिटल फ्लोमीटर बसवावा लागतो. दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना एनओसीतून सूट आहे, बाकीचे सगळे तुमचे गिऱ्हाईक. दुसरं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांडपाण्याचं ऑनलाइन मोजमाप बंधनकारक केलं. साखर, डिस्टिलरी, औषधं हे तिन्ही त्या यादीत आहेत आणि तिन्ही आपल्या पट्ट्यात आहेत. तिसरं इथेनॉल. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणल्यावर डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढली, आणि प्रत्येक नव्या कॉलमबरोबर फ्लो, लेव्हल, डेन्सिटी असे डझनावारी पॉइंट येतात.

म्हणून पहिला माल मॅग, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक, फ्लोमीटर. तो विकताना सगळ्यात मोठी चूक होते ती साइजची. गिऱ्हाईक म्हणतं लाइन चार इंची आहे, चार इंची मीटर द्या. आधी फ्लो विचारा. ताशी १२ घनमीटर चार इंची लाइनमधून नेलं तर वेग जेमतेम ०.४ मीटर प्रति सेकंद पडतो. तेच दोन इंची मीटरमधून १.७ पडतो. मॅगला १ ते ३ मीटर प्रति सेकंद हवा. ०.३ च्या खाली आकडा डुलायला लागतो, आणि लो-फ्लो कटऑफ लावलेला असला तर रात्रीचा बारीक उपसा मोजलाच जात नाही. रिड्यूसर टाकून लहान मीटर द्या. मीटरही स्वस्त पडतो.

लाइन एचडीपीई असेल तर दोन्ही फ्लँजमध्ये अर्थिंग रिंग हवीच. कोटेशनमध्ये ती वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर पैसे वाचवायला पहिली तीच काढली जाते आणि मग रीडिंग पळतं म्हणून फोन तुम्हाला येतो. इलेक्ट्रोड आडव्या रेषेत, घड्याळाच्या ३ आणि ९ वर ठेवा. १२ वर हवा अडकते, ६ वर गाळ बसतो. मीटरआधी पाइपच्या व्यासाच्या ५ पट सरळ लांबी, नंतर ३ पट. वर चढणाऱ्या लाइनमध्ये बसवला तर पाइप भरलेला राहतो. ग्रॅफाइटचं गॅस्केट कधीच वापरू नका. त्याचा थर लायनरवर (मीटरच्या आतल्या अस्तरावर) बसला की इलेक्ट्रोडचा सिग्नल शॉर्ट होतो.

जालना_फर्नेस

वरच्या पोस्टला एक पुरवणी. जालन्याच्या इंडक्शन फर्नेसवर डोळे झाकून मॅग विकू नका. पॅनल आणि कपॅसिटरच्या थंड पाण्याच्या सर्किटमध्ये डीएम (क्षार काढलेलं) पाणी असतं. मॅगला साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी कंडक्टिव्हिटी लागते. डीएम प्लांट नीट चालत असेल तर पाणी त्याच्या खाली जातं आणि मीटर शून्य किंवा काहीही दाखवतो. पाणी खराब झालं की तोच मीटर छान चालतो, म्हणून दोष सापडायला आठवडे जातात. शिवाय कॉइलजवळचं चुंबकीय क्षेत्र मीटरच्या कॉइलला त्रास देतं. या जागी व्हॉर्टेक्स किंवा अल्ट्रासॉनिक द्या. फक्त ट्रिप हवा असेल तर थर्मल फ्लो स्विच पुरतो.

कूलिंग टॉवरच्या बाजूला जुने पॅडल फ्लो स्विच असतात. आपलं बोअरचं पाणी जड, पॅडलच्या पिनवर क्षार बसतात आणि स्विच "फ्लो आहे" याच स्थितीत अडकतो. पंप बंद पडला तरी ट्रिप येत नाही, कॉइल तापते. थर्मल स्विचला हलता भाग नाही, पण त्याच्या टोकावरही क्षार बसून प्रतिसाद मंदावतो. दोन-तीन महिन्यांनी काढून सौम्य ॲसिडमध्ये धुवा आणि व्हॉल्व्ह आवळून ट्रिप खरंच येतो का ते बघा. हे एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) लिहून घ्या. फर्नेसवाल्यांचा खरा खर्च मीटरचा नसतो, कॉइलचा असतो. त्यामुळे अशा तपासणीचे पैसे द्यायला ते कां-कूं करत नाहीत.

ईटीपी_लेव्हल

लेव्हलमध्ये काय बदललंय ते सांगतो. ८० गिगाहर्ट्झ रडार आता इतका स्वस्त झालाय की पाण्याच्या टाकीवर नवीन अल्ट्रासॉनिक लावण्यात अर्थ उरला नाही. विशेषतः आपल्या उन्हात.

अल्ट्रासॉनिक आवाजाच्या वेगावर चालतो आणि तो वेग दर अंशाला सुमारे ०.१७ टक्के बदलतो. सेन्सरमध्ये तापमान भरपाई असते, पण ती सेन्सरच्या अंगाचं तापमान मोजते, टाकीतल्या हवेचं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावरचा सेन्सर आतल्या हवेपेक्षा १० अंश जास्त तापला, तर ३ मीटर अंतरावर ५ सेंमीची चूक येते. पाणी कमी दिसतं आणि सूर्य कलला की "परत येतं". लोक गळती शोधत बसतात. जुने अल्ट्रासॉनिक जिथे आहेत तिथे निदान पत्र्याचं छप्पर द्या, पण पत्रा सेन्सरला चिकटवू नका, मध्ये हवा खेळू द्या.

हीच चूक ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) व्ही-नॉचवर, म्हणजे फ्लो मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, फार महाग पडते. ९० अंशांच्या नॉचमध्ये फ्लो उंचीच्या अडीचाव्या घाताने बदलतो. १५० मिमी उंचीला ताशी साधारण ४३ घनमीटर. सेन्सर पाण्यापासून अर्धा मीटर वर असेल आणि तो १० अंश जास्त तापला, तर उंची साडेआठ मिमी कमी वाचली जाते आणि फ्लो तेरा-चौदा टक्के कमी दिसतो. ऑनलाइन डेटा मंडळाच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे इनलेट-आउटलेटचा हिशेब जुळत नाही म्हणून नोटीस येऊ शकते. इथे रडारच द्या.

नॉचवर बसवताना तीन गोष्टी. सेन्सर नॉचच्या डोक्यावर नको. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. जास्तीत जास्त उंचीच्या तीन-चार पट मागे घ्या. शून्य चॅनेलच्या तळापासून नाही, नॉचच्या टोकापासून धरा. लेव्हल ट्यूबने टोकाची पातळी सेन्सरखाली आणून तिथे खूण करा. आणि नॉचमागचा गाळ दर आठवड्याला काढायला सांगा. गाळ साचला की पाणी वेगाने येतं आणि सूत्र लागू पडत नाही.

डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये फेसाचा प्रश्न वेगळा. हलका फेस रडार भेदतो, दाट चिकट फेस नाही. तिथे तळाशी फ्लश डायफ्रामचा प्रेशर ट्रान्समीटर भरवशाचा. टाकी बंद असेल तर वरून दुसरा लावून फरक घ्या.

लातूर_सॉल्व्हंट

लातूरला यायचं असेल तर सोयाबीन सॉल्व्हंट प्लांट लक्षात घ्या. हेक्झेन वीज वाहून नेत नाही, म्हणजे मॅग बाद. तिथे कोरिऑलिस (थेट वस्तुमानाचा फ्लो मोजणारा) किंवा ओव्हल गिअर मीटर. कोरिऑलिसमध्ये हवेचे बुडबुडे गेले तर घनता आणि फ्लो दोन्ही बिघडतात, म्हणून पंपाच्या सक्शनला बसवू नका, डिस्चार्जला बसवा आणि पुढे थोडं बॅक प्रेशर ठेवा. धोक्याच्या (स्फोटक वाफांच्या) क्षेत्रात पेसोची, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची, मान्यता असलेलाच मॉडेल चालतो. इन्ट्रिन्सिकली सेफ (स्फोट घडवण्याइतकी ऊर्जाच नसलेल्या) लूपमध्ये बॅरिअरचे आणि ट्रान्समीटरचे व्होल्टेज, करंट, कपॅसिटन्सचे आकडे जुळवून कागद फाइलला लावा. केबलची लांबीही त्या हिशेबात धरायची असते, हे बऱ्याचदा राहून जातं.

साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. त्यांचं सामान पोळ्यापर्यंत जागेवर लागतं. गव्हाणीत मोळी पडल्यावर कोणी तुमच्यासाठी लाइन थांबवत नाही. जून ते ऑगस्टमध्ये रसाच्या लाइनचे मॅग काढून इलेक्ट्रोडवरचा थर साफ करणं, लायनर बघणं, कॅलिब्रेशन, हे पॅकेज म्हणून विका. गरम रसाला पीटीएफई लायनर द्या, रबर नको. पण ज्या लाइनमध्ये व्हॅक्यूम येऊ शकतो तिथे साधा पीटीएफई आत ओढला जातो, तिथे पीएफए मागा.

शेंद्रा_पेंटशॉप

ऑरिकमध्ये (शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक शहरात) २०२४ पासून टोयोटा किर्लोस्कर, एथर अशी नावं जोडली गेलीत. वाहन आणि त्याच्या सुट्या भागांचं काम म्हणजे पेंट शॉप, आणि पेंट शॉप म्हणजे कंडक्टिव्हिटी. डीग्रीझिंगच्या अल्कली बाथला टोरॉइडल सेन्सर द्या. त्यात उघडे इलेक्ट्रोड नसतात, त्यामुळे तेलाचा थर तितका नडत नाही. डीएम रिन्सला कॉन्टॅक्ट सेन्सर, कमी सेल कॉन्स्टंटचा. दोन्हीकडे एकच सेन्सर खपवायचा मोह टाळा.

पीएच इलेक्ट्रोडचा मोठा साठा करू नका. शेल्फवर पडल्या पडल्याही ते म्हातारे होतात. सहा महिन्यांत जातील एवढेच ठेवा, टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड ओलं राहील असं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नाही.

मॉडबस_दादा

आयओटीबद्दल थोडक्यात. आपल्या भागातली बहुतेक युनिट अजून ४-२० मिलिअँप सिग्नल आणि हार्टवर (त्याच तारांवरून जाणाऱ्या डिजिटल डेटावर) आहेत आणि काही वर्षं तिथेच राहतील. इथरनेट-एपीएल (प्लांटमधल्या उपकरणांसाठीचं इथरनेट) २०२१ मध्ये आलं, दोन तारांवर १० मेगाबिट, ट्रंक १००० मीटरपर्यंत. ते नव्या मोठ्या प्लांटमध्ये दिसेल, तुमच्या गिऱ्हाइकाकडे इतक्यात नाही. मशीन बनवणाऱ्यांकडे मात्र आयओ-लिंक (सेन्सर मशीनच्या कंट्रोलरला डिजिटल जोडायची पद्धत) वेगाने शिरतंय, ते शिकून घ्या.

विकलं जाणारं म्हणजे आरएस-४८५ मॉडबस ते ४जी गेटवे, बोअरच्या टेलिमेट्रीसाठी. २जी मॉडेम स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. नेटवर्क गेल्यावर डेटा आत साठवून नंतर पाठवणारा गेटवे निवडा, नाहीतर महिन्याच्या नोंदीत भोकं पडतात. आवारात विखुरलेले पाच-सात बोअर असतील तर लोरा (लांब पल्ल्याचं, कमी विजेचं वायरलेस) चांगलं, भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. बोअरपासून पॅनलपर्यंत लांब केबल असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. वळवाच्या विजांनी एका टोकाचा वाचतो आणि दुसऱ्याचा जळतो. शील्ड एकाच बाजूला अर्थ करा.

गोदाकाठ

बाजाराची एक गोष्ट राहिली. मोठ्या कंपन्या एकमेकांना जोडून घेताहेत. एमर्सनने २०२३ मध्ये क्लॅम्प-ऑनवाली फ्लेक्सिम घेतली, एंड्रेस-हाउजर आणि सिक यांची भागीदारी जानेवारी २०२५ पासून लागू झाली. एंड्रेस-हाउजरचा कारखाना तर वाळूजमध्येच आहे. मोठ्या प्लांटला ते थेट माल देतील, तिथे भावात उतरू नका. तुमची जागा म्हणजे वीस-पंचवीस पॉइंटवाली लघु युनिट. तिथे इन्स्ट्रुमेंटचा माणूस नसतो आणि इलेक्ट्रिशियनच सगळं बघतो.

वाळूज_नवीन

मनापासून आभार सगळ्यांचे. म्हणजे शेल्फवर दोन, तीन, चार इंची मॅग (हार्ड रबर, एसएस ३१६एल), त्यांच्या अर्थिंग रिंग, ८० गिगाहर्ट्झचे तीन-चार रडार, थर्मल स्विच आणि ४जी गेटवे. कोरिऑलिस, हॅस्टेलॉय इलेक्ट्रोड, पेसोवाले मॉडेल ऑर्डरवर. बरोबर ना? राहिला प्रश्न फ्लो रिगचा.

गोदाकाठ

यादी बरोबर आहे. रिग सध्या नको. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेपर्यंत नेण्यात सगळं भांडवल अडकेल. प्रमाणपत्र लागणारे मीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. केरळात पालक्काडला एफसीआरआय (फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट) आहे, मोठ्या साइजलाही ते करतात. तुम्ही लूप कॅलिब्रेटर, हार्ट मॉडेम, हँडपंपसह डिजिटल प्रेशर गेज, पीएच ४, ७, १० चे बफर, १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण, आणि एक चांगला क्लॅम्प-ऑन (पाइपवर बाहेरून बांधायचा) अल्ट्रासॉनिक घ्या. मीटर न काढता जागेवर पडताळणी करून देणं, हेच काम तुम्हाला रोज मिळेल.

टाकी हाताशी असेल तर ड्रॉडाउन करा, म्हणजे टाकीतलं उतरलेलं पाणी मोजून मीटरशी ताडा. ३ मीटर व्यासाच्या टाकीत पाणी १ मीटर उतरलं की ७.०७ घनमीटर गेलं. इनलेट बंद ठेवा, टोटलायझरशी (मीटरच्या एकूण आकड्याशी) ताडा. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. १० मिमी चुकला तर ०.७ टक्के तिथेच गेले.

क्लॅम्प-ऑनचा दगा एकाच ठिकाणी होतो, पाइपच्या आतल्या व्यासात. चार इंची मध्यम जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिमी, भिंत साडेचार. आत सगळीकडून ३ मिमी क्षार बसले असतील आणि तुम्ही कोरी भिंत भरली, तर मीटर सुमारे बारा टक्के जास्त दाखवेल आणि तुम्ही चांगल्या मॅगला खोटं ठरवाल. थिकनेस गेज फक्त लोखंड सांगतं, क्षार नाही, म्हणून जवळचा एखादा फ्लँज उघडून आत बघाच. गेज लावण्याआधी रंग खरवडून काढा, नाहीतर ०.३ मिमी रंगही पाऊण मिमी लोखंड म्हणून मोजला जातो. उन्हातल्या पाइपवर जेल तासाभरात वाळतं, म्हणून पडताळणी सकाळीच उरका. कायमचं बसवायचं असेल तर जेलऐवजी सिलिकॉन पॅड लावा.