पहिलंच चिलखत: उभं राहिलं की झकास, बसलं की हनुवटीवर

खाणवाला
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी एक विज्ञानकथा लिहितोय. संपायची काही लक्षणं नाहीत. त्यातला नायक लघुग्रहावर खाणकाम करतो आणि त्याच्या अंगावर जुनं, पोचे पडलेलं चिलखत आहे. गोष्ट पुढे सरकेना, तेव्हा म्हटलं निदान चिलखत तरी करू. सात आठवड्यांनी एका वेशभूषेच्या कार्यक्रमात ते घालून जायचंय.

व्यायामाच्या खोलीत जमिनीवर अंथरतात ते एकमेकांत अडकणारे ईव्हीए फोमचे चौकोन आणले, १० मिमी जाडीचे. फितीने छातीचं माप घेतलं, वहीत आकृती काढली, कापलं, ग्लू गनने चिकटवलं आणि वरून चंदेरी स्प्रे मारला. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा स्वतःवरच खूश होतो. मग खुर्चीत बसलो. खालची कड मांड्यांना टेकली, अख्खा तुकडा वर सरकला आणि हनुवटीवर आदळला. जीभ चावली गेली ती वेगळीच. हात समोर आणून टाळीसुद्धा वाजत नाही. आणि जिथे जिथे वाकतो तिथे रंगाला तडे गेलेत, आटलेल्या तळ्यासारखे.

दुसरं कोडं हाताच्या तुकड्याचं. कोपराखाली घेर २६ सेंमी भरला, म्हणून फोमही २६ सेंमीच कापला. तरी दोन्ही कडा एकमेकींना भेटत नाहीत. फीत चुकली की मी?

सगळं टाकून नव्याने करू का? आणि हेल्मेटमध्ये श्वासाने काच धुरकट होते, त्यावर काय करतात?

उसवण
टाकू नकोस, छाती भिंतीला टांगून ठेव. पुढे रंगाचे प्रयोग करायला उपयोगी पडेल.

फीत बरोबर आहे. तू माप हाताचं घेतलंस आणि फोम बसतो हाताच्या बाहेर. गुंडाळला की त्याची आतली बाजू चेपते, बाहेरची ताणते, त्यामुळे लांबी धरायची ती जाडीच्या मधल्या रेषेवर. ढोबळ हिशोब असा की घेरात जाडीच्या तिप्पट मिळवायचं, थोडं जास्तच. १० मिमी फोमला ३ सेंमी, ५ मिमीला दीड. म्हणजे तुला २९ हवे होते, आणि आत जाड बाह्यांचा अंगरखा असेल तर माप त्याच्यावरून घ्यायचं. मी शिवणकामातून इकडे आले. कापडाला जाडी असते हे शिंप्याच्या डोक्यातच नसतं. माझा पहिला तुकडा मनगटावर इतका घट्ट बसला की कात्रीने कापून काढावा लागला, तोही डाव्या हाताने.

आता छाती. फितीने छातीचा घेर कळतो, आकार नाही. तो घ्यायचा असेल तर आत जे कपडे घालणार तेच घालून उभा राहा आणि दुसऱ्या कुणाकडून धडावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळून घे. एकट्याने जमत नाही, मी प्रयत्न केलाय. फिल्मवर रुंद चिकटपट्टीचे दोन थर, तुकडे छोटे छोटे. पट्टी लावताना छाती भरून श्वास घेऊन ठेवायचा, नाहीतर तयार चिलखतात नुसतं उभ्यानेच जगता येतं. मानेभोवती चिकटपट्टी अजिबात नाही.

मग त्या कवचावर मार्करने चिलखताच्या रेषा काढायच्या. आधी फटी ठरव, मग तुकडे. हात समोर आण, जिथे सुरकुती पडते तिथे रेघ. खाली वाक, कमरेवर घडी पडते तिथे रेघ. खुर्चीत बस, मांडी पोटाला लागते तिथे रेघ. या रेघांवर फोम येऊच द्यायचा नाही. छातीची खालची कड शेवटच्या बरगडीशी थांबव आणि पोटासाठी वेगळी पट्टी कर, इलॅस्टिकवर लोंबणारी. तुझी जीभ त्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत वाचेल.

कवच पाठीवरून बोथट टोकाच्या कात्रीने कापायचं. त्याआधी प्रत्येक रेषेवर आडव्या छोट्या खुणा कर, म्हणजे नंतर काय कशाला जोडायचं ते कळतं. वर कुठली बाजू तेही लिही, हसू नकोस. तुकडे जमिनीवर ठेवले की काही सपाट पडणार नाहीत, फुगून राहतील. फुगा असेल तिथे कडेपासून आत काप दे, तुकडा आपोआप पसरतो आणि पाचरीसारखी जागा उघडते. ब्लाउजला टक्स घालतो तेच हे, फक्त उलट दिशेने आलेलं. अर्धी बाजूच पुठ्ठ्यावर उतरव आणि दुसरी आरशासारखी पालटून घे, कारण आपण कुणीच दोन्हीकडून सारखे नसतो. पुठ्ठ्याचं एक चिलखत चिकटपट्टीने जोडून, घालून, बसून बघ. फोम त्यानंतर.

ग्लू गन चिलखताच्या सांध्यांसाठी विसर. सांधा जाड होतो आणि नंतर फोमला आकार द्यायला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवलीस की तोच गोंद पाघळतो. चप्पल-बूट दुरुस्तीवाले वापरतात तो पिवळसर कॉन्टॅक्ट सिमेंट आण. दोन्ही कडांना पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. इथेच सगळे चुकतात, ओला असतानाच चिकटवायला जातात. पाच-दहा मिनिटांनी त्याची ओली चमक जाते, बोटाचं मागचं पेर लावलं तर चिकटल्यासारखं वाटतं पण बोटाला काही येत नाही. तेव्हा जोडायचं. आधी दोन टोकं, मग मधला बिंदू, मग उरलेली जागा चिमटीने दाबत. एकदा कडा भेटल्या की सरकवता येत नाहीत. माझ्या पहिल्या खांद्याला एक पायरी आहे ती त्याचीच.

आणि हे नीट वाच. या गोंदाची वाफ वाईट. खिडक्या उघड्या ठेव, जवळ ज्योत नको, आणि गोंदाचा वास खोलीत असेपर्यंत हीट गनला हात लावू नकोस. कापडी मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठी असतं ते कार्ट्रिजवालं श्वसनयंत्र लागतं. फोम घासताना उडणारी धूळ वेगळी, तिला धुळीचा मास्क आणि चष्मा.

आता छाती, पाठ, मांड्या सगळं बाजूला ठेव. फक्त हाताचा एक तुकडा घे आणि तो कापण्यापासून रंगापर्यंत पूर्ण कर. सात आठवड्यांतला एक आठवडा त्यावर गेला तरी चालेल.

उंदीरमामा
उसवणताईंना +१. सगळं एकदम कापून ठेवणाऱ्यांची चिलखतं माळ्यावर असतात. माझं आहे.

हेल्मेटचं बोलतो. नुसता पंखा लावून काच साफ होत नाही, हवेला आत यायला आणि बाहेर जायला दोन वेगळ्या वाटा लागतात. हनुवटीखाली भोकं ठेव आणि डोक्याच्या मागच्या बाजूला वर एक छोटा ५ व्होल्टचा पंखा बसव, गरम हवा बाहेर फेकणारा. काचेला आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसून टाक, धुकं कमी धरतं.

खाणकामगार आहे म्हणजे कपाळावर दिवा आलाच. ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर पांढरा एलईडी थेट जोडायचा नाही. त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरलेल्या २ व्होल्टसाठी मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) टाक, सुमारे १३ मिलिअँपिअर जातील, भरपूर झाले. दिवे अनेक असतील तर प्रत्येकाला त्याचा स्वतःचा रेझिस्टर. एक गंमत: पॉवर बँकेला वाटतं इतका कमी करंट म्हणजे फोन चार्ज झाला, आणि ती स्वतःहून बंद होते. मी वायरिंगमध्ये दोष शोधत पूर्ण रविवार घालवला होता. पंखा त्याच बँकेवर चालवलास तर ही कटकट बहुतेक होत नाही, तरी घरी तासभर चालवून बघ.

हेल्मेटमधून स्वतःचे पाय दिसत नाहीत. जिन्यावर हाताला धरायला कुणीतरी हवं. आणि ते एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय काढता आलंच पाहिजे.

थरावर_थर
एवढी कापाकापी कशाला? थ्रीडी प्रिंट करा, मोकळे व्हा.

उसवण
प्रिंटर घरात असेल तर हेल्मेटपुरतं जरूर करा. पण एका हेल्मेटला कित्येक तास, मग थरांच्या रेघा घासण्यात कित्येक संध्याकाळी जातात. पीएलए, म्हणजे प्रिंटरमधलं नेहमीचं प्लॅस्टिक, साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, बंद गाडीत उन्हात ठेवलं की हेल्मेट तोंड वाकडं करतं. शिवाय छातीवर कडक प्लॅस्टिक घेऊन तासभर बसून दाखवा.

(अवांतर: १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून गेले होते. दोघांचेही कपडे मर्टलबाईंनी शिवले होते. त्यामुळे मशीन म्हणायचंच असेल तर शिलाई मशीनचा मान आधीचा.)

खाणवाला
ताई, पुठ्ठ्याचं चिलखत झालं! बहिणीने गुंडाळलं, फोटोही काढले, ते मी कुणालाही दाखवणार नाही. बसता येतंय. टाळी अजून नाही, तळहात चार बोटं लांब राहतात.

हाताचा तुकडा २९ ने कापला, कडा भेटल्या. पण कापलेली कड उंदराने कुरतडल्यासारखी येते. आणि एकदा गोल केलेला फोम सोडला की परत सपाट व्हायला बघतो, सांधा खेचला जातो.

उसवण
काखेसमोर दोन बोटं आत काप, टाळी वाजेल.

कुरतडलेली कड म्हणजे पातं गेलं. फोम मऊ दिसतो पण पात्याची धार भराभर खातो. तुकडे मोडत जायचं पातं असलेला कटर घे आणि दर चार-पाच लांब कापांनंतर एक तुकडा मोड. कटर सरळ उभा, एका दमात आरपार जायची घाई नको, दोन-तीन लांब ओढींत काप. बोटं पात्याच्या वाटेत नसावीत, हे मी टाके पडलेल्या बोटाने लिहितेय.

सपाट होतो कारण तू त्याला गरम केलं नाहीस. चिकटवण्याआधी हीट गन चार बोटं लांब धरून सतत हलवत ठेव, एका जागी थांबलास की बुडबुडे येतात. आधी काहीच होत नाही. मग पृष्ठभागावरची बारीक छिद्रं मिटतात, खरखरीतपणा जातो आणि सायीसारखी हलकी चकाकी पसरत जाते. त्याच क्षणी मांडीवर, जाड कपडा ठेवून, गोल वाकव आणि गार होईपर्यंत सोडू नकोस. मिनिटभर पुरतं. त्यानंतर तो गोलच राहतो. कटरने वरवर, अर्ध्यापेक्षा कमी खोल रेघ ओढून गरम केलंस तर ती रेघ स्वतःहून उघडते, पत्रे जोडल्याचा भास फुकटात मिळतो.

छिद्रं मिटली की रंगाचाही अर्धा प्रश्न सुटतो. उघडा फोम रंग पितो, आणि साधा स्प्रे वाळून कडक होतो पण खालचा फोम वाकतच राहतो, म्हणून तडे. मध्ये लवचीक थर हवा. रबरासारखं आवरण देणारा स्प्रे मिळतो, नाहीतर पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. फार वाकणाऱ्या जागी फेव्हिकॉलही चिरतो, पण तू फटी ठेवल्या आहेस ना.

भुसा
फोमचं ठीक आहे, पण पाठीवरची ऑक्सिजनची टाकी थर्माकोलची करायचा मोह होईल. करा, पण थर्माकोलवर स्प्रे किंवा कॉन्टॅक्ट सिमेंट लावू नका. मी दोन रात्री कोरून टाकी केली होती. चंदेरी स्प्रेचा पहिला फवारा मारला आणि ती डोळ्यांदेखत खाली बसली, आवाज न करता. त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो. पाण्याचा ॲक्रेलिक रंग आणि फेव्हिकॉल चालतो. किंवा सरळ प्लॅस्टिकची बाटली घ्या.

रंग चंदेरी नको, आधी संपूर्ण काळा. त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर. मग काळा-तपकिरी पातळ करून सगळीकडे फासा आणि लगेच पुसा, खाचांत उरतो तेवढाच खरा. खाणवाल्याच्या चिलखताची कोपरं आणि गुडघे झिजलेले हवेत, पाठ नाही. हा माणूस कुठल्या हाताने काम करतो?

खाणवाला
डावखुरा आहे! कथेत हे कुठेच लिहिलं नव्हतं, आत्ता ठरलं.

हाताचा तुकडा पूर्ण झाला. डाव्या मनगटाची कड घासून घासून पांढुरकी केलीय. एकच राहिलं: वेल्क्रो चिकटवला, तिसऱ्यांदा उघडताना गोंदासकट हातात आला.

उसवण
वेल्क्रो फोमवर चिकटवायचा नाही. आधी जाड पट्ट्यावर शिवायचा, चौकोन आणि त्यात फुली, आणि मग तो पट्टा बोटभर लांब आत नेऊन फोमला चिकटवायचा. ओढ पट्ट्यावर येते, गोंदावर नाही. मांडीचे तुकडे कमरपट्ट्याला टांग, खांद्याचे गळ्याजवळच्या पट्ट्याला. छातीला कुणालाच टांगू नकोस, ती आधीच बिचारी खाली ओढली जाते.

शिवता येत नसेल तर बहिणीला सांगू नकोस, तिने आधीच गुंडाळलंय. सुई-दोरा घे, उद्या फोटो टाक.