दर पाडू नका, हळदीची ओळख सांगा

इन्स्टाग्रामवर जाहिरात करूनही हळद पावडरला ऑर्डरी येईनात, म्हणून दर उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, अजिबात नको. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीला तोटा नाही; तुमच्याहून दोन रुपये कमी घेणारा उद्या शेजारीच उभा राहील.

'शुद्ध, अस्सल, घरगुती' तर सगळेच लिहितात. हळद कुठल्या गावची, कशी शिजवून वाळवली, कधी दळली, ते सांगा. लॅबमधून कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती आहे ते तपासून घ्या आणि येईल तो आकडा गिऱ्हाइकाला दाखवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख) मिळालंय, पण ते पाकिटावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. बिनधास्त छापणारेही आहेत म्हणा, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं म्हणजे वेळ. आपल्याकडे वर्षाची चटणी आणि मसाला उन्हाळ्यात होतो, नवी हळदही त्याच सुमारास बाजारात असते. जाहिरातीचा बराचसा पैसा फेब्रुवारी ते मे या काळात लावा. भर पावसात पैसे भरून पोस्ट पसरवायचं 'बूस्ट'चं बटण दाबून काय होणार?

आणि जुनी गिऱ्हाइकं? पाकीट संपत आलं असेल अशा वेळी व्हॉट्सॲपवर नाव घेऊन एकच मेसेज करा. रोज गुड मॉर्निंग पाठवलंत तर ब्लॉक व्हाल. पुण्या-मुंबईच्या पार्सलमध्ये ५० ग्रॅमची एक पुडी जास्तीची टाका, 'शेजारच्या काकूंना द्या' असं लिहून.