एलियसिंगला 'तोतया' म्हणावं का?

परवा बुधवार पेठेतनं रेडिओ सिग्नलची आरजी-५८ केबल १५ मीटर आणली, घरच्या नॅनोव्हीएनएला (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) एक टोक लावलं, दुसरं मोकळंच ठेवलं आणि टाइम डोमेन, म्हंजे पडसादावरून अंतर दाखवायची सोय, चालू केलं तर पठ्ठ्या मोकळं टोक ४ मीटरवर दाखवतोय! वाटलं केबल आतून तुटलीये, उलटी करून लावली, तरी ४च. मग ट्यूब पेटली की हे एलियसिंग आहे, म्हंजे टप्प्याटप्प्याने मोजल्यामुळे एक गोष्ट भलत्याच जागी दिसणं, पण भाचीला समजावताना मराठी शब्दच सुचेना. एलियस म्हंजे 'टोपणनाव' म्हणे, इथं काय कोणी कविता करतंय का? मला 'तोतया' आवडतोय. बोला.

— आधी झालं काय ते सांगा ना, शब्द मग बघू.

— अहो, हे यंत्र वेळ मोजतच नाही. एकेक फ्रीक्वेन्सी सोडतं आणि किती परत आलं, कुठल्या फेजने (लाट किती मागेपुढे) आलं तेवढं टिपतं. ९०० मेगाहर्ट्झपर्यंत १०१ पॉइंट, म्हंजे दर ९ मेगाहर्ट्झला एक. त्याचं उलटं फुरिए (फ्रीक्वेन्सीवरून वेळ काढायचं गणित) केलं की पल्स सोडला असता तर पडसाद कधी आला असता ते मिळतं. पण फ्रीक्वेन्सी अशी टप्प्याटप्प्याने घेतली की वेळ गोल फिरायला लागते, इथं १११ नॅनोसेकंदाला एक फेरी. या केबलमधे सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटीमीटर जातो, जाऊन-येऊन म्हणून निम्मे धरा, झालं ११ मीटरचं घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळात १५ वाजता ३ दिसतात तसे हे १५ चे ४.

— मग तोतया नको. तोतया म्हंजे माणूसच दुसरा. भाऊसाहेब १७६१ ला पानिपतावर पडले आणि नंतर भलताच कोणीतरी भाऊ म्हणून उभा राहिला, १७७६ ला पुण्यात त्याला मारला. तुमचं टोक खरंच आहे, फक्त पत्ता चुकलाय. याला आमच्या मावळात 'चकवा' म्हणतात, रात्री रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो.

— वा! चकवा एकदम फिट, गोल फिरणं त्यातच आलं. तोतया दुसरीकडे वापरू, सेकंदाला १० लाख सँपल घेणाऱ्या स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) ९०० किलोहर्ट्झ जेव्हा १०० किलोहर्ट्झ म्हणून मिरवतो ना, तिथे.

— चकव्यावर उतारा पण सांगून ठेवा.

— स्पॅन, म्हंजे फ्रीक्वेन्सीचा पट्टा, बदलायचा. मी ४५० मेगाहर्ट्झ केला, पॉइंट तेवढेच, घड्याळ २२ मीटरचं झालं आणि पडसादाचं शिखर गेलं १५ वर. खरं टोक ४ वर असतं तर हललं नसतं. फक्त स्पॅन निम्मा केला की शिखर दुप्पट जाड होतं, जवळजवळचे दोन जोड असतील तर एकच ढेकूळ दिसतं. ते ढेकूळ वगैरे शब्द भाचीचे आहेत, त्यावर चर्चा नको.